पेनड्राइव्हमधली नलिनी

...आणि वर मलाच विचारतात, "काका, पेनड्राइव्ह नीट लावला होता ना?" नीट म्हणजे काय हो? त्याला तोंड एकच, लॅपटॉपला भोक त्याच मापाचं, वाकडा लावीन तर कुठे लावीन? लावला! सरळ लावला, फुंकर मारून लावला, दुसऱ्या भोकात लावला, देवाचं नाव घेऊन लावला... तुम्हाला सांगतो, दिवा लागतो, पडद्यावर नाव येतं, मी आपला आनंदानं क्लिक करतो, की लगेच पाटी, 'माउंट होऊ शकत नाही'! दिसतो, पण उघडत नाही!

तुम्ही म्हणाल, विश्रामराव, एवढं काय आहे त्यात? अहो, नलिनी आहे! माझी बायको! म्हणजे ती तशी कॅनडात आहे, लेकीच्या, प्राचीच्या बाळंतपणाला गेलीय. पण जाण्याआधी तिनं ओट्यावर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि एकेक पदार्थ करून दाखवला, सगळा माझ्यासाठी. आमटी, तोंडल्याची भाजी, भरली वांगी, थालीपीठ... मोबाइलवाल्याकडून पेनड्राइव्हवर भरून आणलं आणि मोबाइलमधलं पुसून टाकलं. का? तर बाळाच्या फोटोंना जागा हवी! म्हणजे उरली ती एवढीच, बोटाएवढी.

फोन? येतो ना, रोज सकाळी व्हिडिओ कॉल येतो. मी केस विंचरून बसतो. आणि दिसतं काय? बाळाचं टक्कल! "अहो, बघितलंत? जांभई दिली! आता शिंकतोय बघा, शिंकतोय..." मी म्हणतो, "नलू, तू कशी आहेस?" "थांबा हो, दूध ओकला!" संपला फोन. नातू माझाच आहे, गोड आहे, मान्य. पण चाळीस वर्षांत जी बाई माझ्याशी भांडल्याशिवाय चहा प्यायली नाही, तिला आता माझ्याकडे बघायला फुरसत नाही हो!

आणि जेवण! आम्ही राहतो गुजरातेत, इथल्या नागरवाड्यात गुजराती टिफिन लावलाय. माणसं प्रेमळ, रोटली मऊसूत, पण डाळ? गोड! त्यात शेंगदाणे! आमटीत गूळ आपणही घालतो, पण तो बिचारा गपचूप एका कोपऱ्यात बसतो. इथे तो पाटावर बसलेला नवरदेव! शेवटी परवा मी टिफिनचा डबा झाकला आणि म्हटलं, पुरे, आता तिची आमटी करायची. तिला बघत करायची. तिनं मला ओरडत सांगायचं आणि मी करायचं. तर हा! दिसतो, पण उघडत नाही!

आता आमच्या लॅपटॉपमध्ये लिनक्स आहे. जावयानं, तन्मयरावांनी, मागच्या खेपेला घालून दिलं. "बाबा, यात व्हायरस येत नाही." येईल कसा? त्यालाही उघडता येत नसणार! लावला त्यांना फोन. "बाबा, टर्मिनल उघडा." उघडलं. काळाकुट्ट पडदा. "आता लिहा, सुडो." लिहिलं. "पासवर्ड टाका." टाकला, तर अक्षर उमटेना! ठोकतोय, ठोकतोय... "तन्मयराव, कीबोर्ड मेला!" "नाही बाबा, पासवर्ड दिसत नसतो, पण जातो." आता हे मला कसं कळावं? बरं, गेला. तर ते यंत्र म्हणतं, राँग फाइल सिस्टिम, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक... अहो, बॅड बॅड कुणाला म्हणतोस? आत कोण आहे माहीत आहे का? तन्मयराव म्हणाले, "बाबा, एकदा काढून परत लावा." एवढं शिकून, एवढ्या लांब जाऊन, काढून परत लावा!

मग गेलो खंडेराव मार्केटजवळ, चेतनभाईच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. त्यानं लावला, मान हलवली. "काका, आ नहीं खुले. फॉर्मेट मारी दउं? नवा जेवो थई जशे!" मी विचारलं, "एटले?" "एटले अंदरनुं बधुं साफ!" साफ? मी ओरडलोच, "चेतनभाई, हात नहीं लगाडता! मारी बैरी, मारी नलिनी छे अंदर!" अख्खं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. मी पेनड्राइव्ह हिसकावला आणि मुठीत धरून बाहेर आलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी होतं.

बाहेर येऊन मूठ उघडली, तर बोटं लाल! रक्त? नाही हो... कुंकू! आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दसरा! दरवर्षी शस्त्रांची पूजा नलिनी करते. विळी, स्कूटर, लॅपटॉप, सगळ्यांना बोटभर हळद, बोटभर कुंकू. यंदा मी एकटा. म्हटलं, तिच्या माघारी कमी पडायला नको. आणि या पेनड्राइव्हमध्ये तर साक्षात अन्नपूर्णा! त्याचं टोपण काढलं, पळीभर पाणी, चिमूटभर हळद, मूठभर कुंकू... चांगला लेप बसला होता आत. तो काय उघडतोय!

घरी आलो. जुना मऊ टूथब्रश घेतला, स्पिरिट घेतलं, हळूहळू घासला, पंख्याखाली वाळवला, लावला... आणि आली! "अहो, ऐकताय ना? मोहरी तडतडू द्या, मगच हिंग. घाई कराल, ओळखते मी तुम्हाला." मी म्हटलं, "ऐकतोय गं, बोल." तीनदा बघितलं. डाळ चौथ्यांदा बघताना टाकली. तिनं चमचे मोजून सांगितलं होतं, मी मोजून घातलं, आणि झाली हो आमटी! तिच्यासारखी नाही, पण तिच्या माहेरच्या कुणीतरी केल्यासारखी झाली. फोटो काढला, पाठवला.

लगेच फोन! आणि पडद्यावर बाळ नाही, ती! स्वतः! "अगबाई, तुम्ही केलीत? एकट्यानं?" मी छाती फुगवून म्हटलं, "मग!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "माझा जीव भांड्यात पडला बघा. तुमच्या जेवणाचीच काळजी होती. मग असं करते ना... प्राची आग्रह करतेय, तर थंडी संपेपर्यंत राहते. तिकीट पुढे ढकलते. आता तुमचं जमतंय!"

मी म्हटलं, "राहा गं, राहा." तुम्हाला सांगतो, त्या चेतनभाईला करू द्यायचं होतं साफ, ती पहिल्या विमानानं आली असती!

आता तोंडल्याची भाजी लावलीय. लॅपटॉपवर समोर उभी आहे, हसतेय, इतकी छान दिसतेय... मी विचारलं, "नलू, मीठ किती?" तर मला म्हणते, "अंदाजानं घाला."

अहो, घरातला अंदाज सगळा तिच्याकडे, आणि ती कॅनडात!