काकांना दिलेलं फॅन्सी ड्रेसचं बक्षीस

सुमनकाकू, आणि अरविंदकाकांच्या शोकसभेसाठी आज ट्रॉयच्या या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनो,

मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. रडू येतंय म्हणून नाही. राग आलाय म्हणून.

माझ्याआधी सहा जण बोलले. काकांचा बॉर्डरपलीकडचा, कॅनडातल्या विंडसरचा साच्यांचा कारखाना, आपल्या मुलांना तिथे मिळालेल्या नोकऱ्या, आपल्या मराठी मंडळाला केलेली मदत. सगळं खरं आहे. पण हा माणूस कॅनडाच्या सैन्यात मेजर होता, हे सहांपैकी एकानंही म्हटलं नाही. आठवडाभर कारखाना, बुधवारची संध्याकाळ आणि वीकेंडला मिलिशिया, म्हणजे आपापला कामधंदा सांभाळून सैनिक झालेल्यांची पलटण. तिच्याबरोबर काका सहा महिने बॉस्नियाला गेले, तेव्हा कारखाना काकूंनी चालवला. काकू, बरोबर ना?

आणि आपण काय केलं? एका नोव्हेंबरात काका पलीकडची शहिदांची परेड आटपून थेट आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आले. कोटावर पदकं, डोक्यावर बेरे टोपी. मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा चालू होती. कोणीतरी म्हणालं, "अरे, काकापण उतरले वाटतं!" हॉल हसला. त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस दिलं गेलं.

दिलं गेलं नाही. मी दिलं. माईक माझ्या हातात होता. काका स्टेजवर आले, खाऊचा डबा घेतला, थँक यू म्हणाले.

खाली आल्यावर मी विचारलं, "पण काका, ती वीकेंडची आर्मी ना? खरी थोडीच?"

"गोळ्या खऱ्या असतात गं," ते म्हणाले. "आज ज्या दोघांसाठी उभा राहून आलो, ते माझ्या तुकडीतले होते. जा तू, मुलं थांबलीयत."

त्या दिवशी मी डायरीत लिहिलं, 'काकांनी स्पोर्टिंगली घेतलं.' पुढे ते वाक्य खोडलं. खोडून काय होतं? माफी मागायला बॉर्डरचा ब्रिज ओलांडून काकांकडे जायचं होतं. गेले नाही. मग आज तुमच्यावर चिडून मी स्वतःची सुटका करून घेतेय का? असेलही. तरी बोलणार.

कारण आजही तेच चाललंय. काकूंनी गणवेशातला फोटो आणला होता. त्यांना सांगितलं गेलं, "सुटातलाच लावू या, आपल्या लोकांना बरं वाटेल." कोणाला बरं वाटेल? काकूंना विचारलं कोणी?

मागे भिंतीपाशी ब्लेझर घातलेले चार जण तासभर उभे आहेत. आपल्यापैकी एकानं त्यांना पार्किंग कुठे करायचं ते विचारलं. हॉलचे सिक्युरिटी गार्ड वाटले. ते काकांचे सैनिक आहेत. बॉर्डर ओलांडून आलेत. वक्त्यांच्या यादीत त्यांच्यातला एकही नाही. मी विचारलं, तर उत्तर आलं, "वेळ नाही, आणि ते इंग्लिशमध्ये बोलणार." आपल्या घरात आपली मुलं कशात बोलतात?

मला पाच मिनिटं दिली होती. उरलेली सार्जंट बिल यांना देतेय. बॉस्नियात ते काकांची गाडी चालवायचे. ते बोलतील, मग त्यांच्या पद्धतीनं दोन मिनिटं शांतता पाळतील. आपणही पाळायची.

काकू, तो फोटो पिशवीतून काढा. द्या इकडे.

सार्जंट, प्लीज कम.

बाकी सगळ्यांनी उभं राहा. अध्यक्षसाहेब, तुम्हीसुद्धा.