बाळकुम नाक्यावर वाजलेला हॉर्न

जबाब, ता. १७ नोव्हेंबर १९८८

नाव चंद्रभागा गोमाजी नाखवा, वय अंदाजे ४५, धंदा मासळी विक्री, राहणार कोळीवाडा, बाळकुम, ठाणे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझे पती गोमाजी व सासू सगुणा असे राहतो. पती लष्करात तोफखान्यात नाईक होते. एकाहत्तरच्या लढाईत तोफेवर असताना त्यांचे दोन्ही कान गेले. पुढे त्याच कारणाने त्यांना घरी पाठवले. हल्ली ते खाडीत मासेमारी करतात.

काल सकाळी आम्ही खाडीवरून घरी येत होतो. पती खांद्यावर जाळे घेऊन पुढे, मी डोक्यावर पाटी घेऊन मागे. बाळकुम नाक्यावर ते रस्ता ओलांडत असताना भिवंडीकडून टेम्पो आला. टेम्पोवाल्याने लांबूनच हॉर्न वाजवला. परत परत वाजवला. पती थांबले नाहीत. मी ओरडले. त्यांना ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, तरी ओरडले. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, पण धक्का लागून पती पडले व त्यांचा डावा हात मोडला. टेम्पोवाला दौलत पळून गेला नाही. त्यानेच त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेले. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

दीर उत्तम दवाखान्यात मला म्हणाले, "वयनी, हॉरन वाजलाच नाय असा सांग. दादाला नीट ऐकाला येतं असा पन सांग. नाय तर टेम्पोचे विमावाले चूक त्याच्यावरच ढकलतील." ते आमच्या भल्याचेच बोलले. हात बरा होईपर्यंत होडी किनाऱ्याला राहणार, हे मलाही समजते.

परंतु पतींचे अपंगत्वाच्या पेन्शनचे अपील चालू आहे. पहिले अपील फेटाळले. तेव्हा मेडिकल बोर्डापुढे पतींना बसवले होते, मी दारात उभी होते. डॉक्टर खाली मान घालून काही बोलले. पतींना ओठ हललेले दिसले. सगळे आधी नावच विचारतात म्हणून त्यांनी नाव सांगितले. डॉक्टरांनी नावच विचारले होते. कान अधू आहेत, पण पेन्शन मिळण्याइतके नाहीत, असे उत्तर आले. आम्ही पुन्हा अपील केले. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. त्यांना ऐकू येत नाही, हेच मी इतकी वर्षे सांगत आले. आता उलटे सांगायची माझ्यात ताकद नाही.

दिरांचे म्हणणे मी पतींना समोर बसून, सावकाश ओठ हलवून सांगितले. ते म्हणाले, "त्याला सोड. वाजवला असंल त्यानी." त्यांचा आवाज मोठा असतो. सगळ्या वॉर्डाने वळून बघितले.

पतींचा जबाब घेता आला नाही. साहेब काय विचारतात ते त्यांना समजेना. मी मध्ये सांगू लागले, तर तो तुमचाच जबाब होईल, असे साहेब म्हणाले. म्हणून माझा घेतला.

वरील मजकूर साहेबांनी मोठ्याने वाचला, तो मी सांगितला तसाच आहे. पती शेजारी बाकावर बसले होते. वाचून संपल्याचे मी त्यांना हात लावून कळवले.

निशाणी डावा अंगठा, चंद्रभागा गोमाजी नाखवा