कडेच्या तीन ओळी

मी रंगनाथ माणिकराव शेळके, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. नेकनूरजवळच्या आमच्या शेतात माझी सून सुनंदा सेंद्रिय द्राक्षांची वाईन करते. गेल्या हंगामात वेलींवर भुरी हा रोग आला, तेव्हा तिने आंबट ताक फवारले. शेजारचा किसन बांधावरून हसला, "काका, वाईन करायची हाय का कढी? माझं औषध उरलंय, मारू का?"

सून बीडला गेली होती. मी म्हणालो, "मार." त्याने कडेच्या तीन ओळी फवारल्या. संध्याकाळी ती परतल्यावर मी तिला ते सांगितले.

दुसऱ्याच दिवशी सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी तपासनीस आले. मधल्या ओळी पाहून ते परत निघाले, तोच सुनंदा म्हणाली, "साहेब, कडेच्या तीन ओळींवर काल रासायनिक औषध पडलंय. लिहून घ्या."

मी तिला बाजूला घेतले. "अगं, प्रमाणपत्र गेले तर? त्यांना कुठे कळले असते?"

"न्हाई कळलं असतं, मामा. पण बाटलीवर तुमचंच नाव छापलंय की."

प्रमाणपत्र राहिले; त्या तीन ओळी मात्र वगळल्या गेल्या. तेव्हापासून तिला विचारल्याशिवाय मी वेलीला हात लावत नाही, आणि फवारणीचे ताक मीच घुसळतो.