नाक पूस, अमिते!

अवो, कंप्युटरच्या धड्यात माझा आवाज घालाची काही गरज होती का, तुम्हीच सांगा! आमची नणंद गायत्री, पांढुर्ण्याच्या शाळेत कंप्युटर शिकवते. दरसाली तेच ते सांगून घसा बसला तिचा, म्हणून धडे मोबाईलात भरून ठेवून राहिली. म्हणते, “वैनी, एकदा बनवलं का दहा वर्षं चालते!” म्हटलं, चालू दे बाई, माझं लोणचं बी इतकं टिकत नाही...

तर तिले पायजे होता लूप. म्हणजे एकच काम फिरून फिरून कराचं, अन् कधी थांबाचं त्याची एक अट. म्हटलं, हे तर माझ्या माहेरी, सौंसरच्या हापशीवर होतं! मी अन् माझी मैत्रीण करुणा दांड्याले लटकाचो. पाण्याचा गुंड भरला? नाही. मार दांडा! भरला? नाही. मार दांडा! भरला... तरी मारतच राहाचो, पायावरून पाणी जाये, काय थंडगार! कंप्युटर बी होता बरं शाळेत, फुलाफुलाच्या कपड्याखाली. जामसांवलीचा मारुती निजलेला, तसा हा बी निजलेला. चपला बाहेर काढून नुसतं दर्शन घ्याचं. तो जागा व्हाच्या आधी माझी सातवी झाली, अन् शाळा कायमची सुटली.

गायत्रीनं हेच मोबाईलसमोर बोलाले लावलं. मी आली रंगात, “मार दांडा!” अन् तेवढ्यात माझी पोरगी समोर उभी, तोंडातून गेलंच, “अमिते, नाक पूस!” गायत्री म्हणे, कापून टाकते. कायचं कापते! पोरं हसली म्हणून ठेवलं, अन् पार सौंसरच्या शाळाइले धाडून दिलं. एकदा बनवलं का दहा वर्षं चालते ना!

अन् अमिता यंदा गायत्रीच्याच शाळेत, सातवीत. सातवीत, समजलं ना? पोरी चिडवतात, “नाक पूस!” काल दप्तर फेकलं, “मी नाही जात शाळेत!” मी ते उचललं, झटकलं, अन् खुंटीले टांगलं... आज हात धरून नेलं, वर्गात बसवलं, अन् पळून येते का काय म्हणून खिडकीशी उभी राहिली.

गायत्रीनं विचारलं, “लूपचं उदाहरण?” अमिता उठली, “माझी आई! ऊठ, दात घास, नाक पूस, डबा घे... रोज!”

“अन् थांबाची अट?”

पोरीनं खिडकीकडे पाहिलं. “अट नाही, बाई. ते चालूच राहते!”

वर्ग हसला, अन् ती बी हसून राहिली! गायत्री धावत बाहेर, “वैनी, हे बी भरून घेऊ का?”

म्हटलं, घे बाई, भरून घे... उद्या शाळेत येते म्हणते ना पोरगी? मंग चालू दे दहा वर्षं!