राबाच्या धुराचा खोकला

आदरणीय अध्यक्षा ललिताबाई, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आजच्या उत्सवमूर्ती डॉक्टर दामिनीताई, आणि मसालेभाताच्या वासाने मागच्या दाराकडे माना वळवलेल्या बंधुभगिनींनो,

प्रारंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. व्यासपीठावरच्या सगळ्या खुर्च्यांच्या पाठीवर पांढरे टॉवेल आहेत. माझ्या नाही. इतकी वर्षं मुरबाडच्या बातम्या ठाण्याला पाठवणाऱ्या वार्ताहराला एक टॉवेल मिळू नये? संयोजक शेखर कानात म्हणाला, "सर, एक टॉवेल कमी पडला. तो जगनच्या खुर्चीला लावलाय." बघा, पहिल्या रांगेत जगन बसलाय, टॉवेलसकट. असो. दान सत्पात्रीच व्हावं.

तेव्हा मी मत्सराने बोलणार, हे आधीच सांगून टाकतो. षड्रिपूंच्या यादीत मत्सर अगदी शेवटी येतो. त्यालाही बहुधा टॉवेल मिळाला नसावा.

हेवा कसला म्हणाल? ताई इथल्या रुग्णालयात येण्यापूर्वी तालुक्याचं गाऱ्हाणं एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात, माझ्या टेबलापाशी थांबायचं. ताई आल्या आणि माणसं माझ्या टेबलावरून पुढे जायला लागली. करवंदं त्यांना, गावठी अंडी त्यांना. मला निवेदनं! आता त्यांची बदली नंदुरबारला. मी आनंदित व्हायला हवं होतं. का नाही, ते शेवटी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषातल्या, म्हसा गावच्या जत्रेचे दिवस होते. इथल्या एका कारखान्यात पाइप फुटून वायू पसरला. कारखान्याचं नाव घेत नाही, त्यांचेही पाहुणे आज जेवायला आहेत. माझा मुलगा हेमंत त्याच पाळीत, जगनच्या शेजारी कामाला होता. दोघेही दवाखान्यातून लवकरच घरी आले. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

जगनला मात्र पुढे श्वासच टाकता येईना. उन्हाळ्यात त्याचा दम वाढला, काम सुटलं. त्याने भरपाई मागितली, तेव्हा कंपनीचे वकील म्हणाले, अपघात कधीच संपला. हा खोकला राबाचा. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो, भाताचं रोप टाकण्याआधी आमच्याकडे पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. धूर होतोच. युक्तिवाद देखणा होता. मला त्याचाही हेवा वाटला.

ताईंनी काय केलं? पुढच्या राबाला त्या थेट सिद्धगडाच्या पायथ्याशी, जगनच्या वाडीत गेल्या. मीही गेलो. बातमी होती ना! राब पेटलेले, आणि ह्या बाई एकेकाची छाती ऐकताहेत. वाडीतला म्हातारा बुधूबाबा म्हणाला, "काय ऐकतेस गो ताई? आत कोन नाय." जगनची बायको प्रेमा कंबरेला पदर खोचून पुढे आली. "वकिलाला सांगा, राब आमी दोगांनी भाजला. धूर येकच. मंग मी का नाय खोकत?"

खरोखरच, त्या दिवशी वाडीत दोघेच खोकत होते. दगडावर बसलेला जगन आणि मी. प्रेमाने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. "घ्या पेपरवाले. तुमाला धुराची सवय नाय." माझा खोकला पाण्याने गेला. जगनचा गेला नाही.

ताईंनी हेच न्यायालयात सांगितलं. राब सगळ्यांनी भाजला, वायू वाडीतल्या एकाच्याच छातीत गेला. न्यायाधीश साहेबांनी मान्य केलं. अपघात त्या दिवशी संपला नव्हता. तो जगनच्या छातीत रोज कामावर येत होता. भरपाई मंजूर झाली, औषधं चालू झाली. टाळ्या वाजवा. प्रेमासाठीही वाजवा. जगन आधी रुग्णालयात जायलाच तयार नव्हता. ही त्याला जीपमध्ये ढकलत म्हणाली, "चल रे, नायतर मी येकटी जाते आन् सांगते, तू मेलास म्हनून."

आता ते शेवटी राहिलेलं सांगतो.

ताई, तुमचा हेवा मी चवीसाठी केला. खरा हेवा मला जगनचा वाटतो. त्याला ढकलणारं माणूस घरात आहे. मी घरी श्लोक म्हणून दाखवतो, ढकलता येत नाही. आमचा हेमंत यंदाच्या पावसाळ्यापासून पहाटे खोकतो. मला ऐकू जाऊ नये म्हणून मोरीत नळ सोडून खोकतो. तपासून घे म्हटलं की म्हणतो, "बाबा, नोकरी जाईल. धूळ आहे नुसती." आमच्याकडे शेत नाही. त्याने जन्मात राब भाजलेला नाही.

तो आत्ता मागच्या दारापाशी पत्रावळ्या घेऊन उभा आहे. कारखान्याचे पाहुणेही ऐकताहेत, हे मला कळतं. आज रात्री तो माझ्याशी बोलणार नाही. चालेल.

संयोजकांचे आणि अध्यक्षांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, आणि ते झालंच आहे, तर ते म्हातारपणाकडे निघालेल्या बापाचं समजून सोडून द्या. टॉवेलची तक्रार मी मागे घेतो.

ताई, तुमची गाडी सकाळची आहे. निघण्याआधी याची छाती ऐकाल? मला भीती वाटते.