साहेबांचं आवतन

तपासणीचं नाव काढलंच, तं आइका. मी तवा अकोल्यात बालवर्गावर होती. पुण्याचे साहेब पाठ पाहाले येनार, तेही नेमके पोळ्याच्या आदल्या दिवशी. मंग म्या पोळ्याचाच पाठ बसवला. पोरं लाकडी बैलांच्या खांद्याले लोणी-हळद लावतीन अन् रीतीपरमानं म्हणतीन, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलांची रांग संपली, तिथंच साहेबाची खुर्ची. माह्या वर्गातल्या, आमच्या शेजारच्या गंगीनं त्यायच्या पांढऱ्या कोटाच्या खांद्यालेही हळद चोपडली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी कोट पुसाले फडकं घेऊन धावली. पन साहेब खूश! "वा बाई, काय ही आपुलकी! मग उद्या किती वाजता येऊ?"

म्या म्हनलं, "बारा वाजता या."

दुसऱ्या दिवशी साहेब माह्या घरी पुरणपोळीवर तूप घेत होते, तं गंगी दारात. "बाई, साहेबायची शिंगं रंगवाची राहिली का?"