कुटुंब अ म्हंजे मीच!

...आन् वर मलाच म्हणती, "आज्जी, तुला माणसं आण म्हणलं होतं, नेमकी हीच माणसं कशाला आणलीस?" आता ऐका! माणसं काय मंडईतली भाजी हाय व्हय, ही कवळी घे, ती किडकी ठेव? जी हायेत ती हायेत! जाऊ ती जाऊ, विहीण ती विहीण, बदलून कुटं मिळत्यात? सांगते, पयल्यापासनं सांगते, पर मदी कुणी उठायचं न्हाई. उठलं की माझं तुटतंय.

माझी धाकटी नात ऋतुजा, शिवराजची, माझ्या लेकाची पोरगी. हितं सोलापुरात कालिजात हाय. त्या कालिजात ठिवली स्पर्धा. धंद्याची! पळायची न्हवं, गायची न्हवं, रांगोळीची बी न्हवं... धंदा कसा करणार ते निस्तं सांगायचं, करायचा न्हाई! आमच्या येळंला माणूस धंदा करायचा आन् सांगायचा कुणाला न्हाई, आता सगळं उलटं. आन् धंदा तरी कसला, तर ज्यानं पृथ्वी वाचंल असला. माढ्याच्या पोरांनी काढलं, उसाच्या चिपाडाची ताटं करतो. करा बाबा! कुणी म्हणलं, कारखान्यातल्या टावेलाच्या चिंध्यांच्या पिशव्या करतो. करा! आन् आमच्या बाईनं काय काढलं? आहेर!

व्हय व्हय, आहेर. लग्नात, बारशात, घरभरणीत देत्यात तोच. मला म्हणती, "आज्जी, आपल्या पेटीत अशा साड्या किती आहेत, ज्यांची घडीच मोडली नाही?" म्हणलं, पेटी उघड, सगळ्याच तसल्या. "कुणी दिल्या, आठवतं?" न आठवायला काय झालं? ही मोरपंखी तुझ्या आत्याच्या नणंदंनं दिली, ही जांभळी मैंदर्गीच्या मावशीनं, हिच्या काठाला कसर लागल्याली हुती ती मी आतल्या अंगाला दुमडली... "मग तू या नेसत का नाहीस?" बया, बया, बया! आहेराची साडी नेसायला असती व्हय? ती द्यायला असती! आली की पेटीत ठिवायची, वरचा कागद बदलायचा, पुढच्या लग्नात द्यायची. ती बाई पुढं देती, ती आनिक पुढं देती, साडी फिरत ऱ्हाती आन् नाती टिकत ऱ्हात्यात. ठावं सगळ्यास्नी असतंय, बोलायचं नसतंय!

पर हे शिकल्याल्या पोरीला कोण सांगणार? ती म्हणली, "आज्जी, ही साडी विणायला किती पाणी लागलं, किती रंग लागला, आणि ती कुणीच नेसत नाही!" म्हणलं, अगं भवाने, नेसली तर मग देऊ काय?

आता हितं माझ्या थोरल्या नातीचं, रेश्माचं सांगाय पायजे, न्हाईतर तुमास्नी माझी धास्ती कळायची न्हाई. रेश्माचं लग्न ठरलं दुधनीच्या विरुपाक्षासंगं. पोरगं सोनं! नोकरी हाय, शेती हाय, तंबाखूसुद्धा खात न्हाई. लई उंबरे झिजवलं तवा कुटं हे स्थळ गावलं. पर त्याची आई, सिद्धेश्वरीबाई... बाई वाईट न्हाई हो. मानाची हाय. मान कमी पडला की बाई मराठी सोडती आन् कानडीवर येती. कानडी सुरू झाली की वळखायचं, आता सोयरीक सांभाळा!

तर साखरपुड्यात ह्या विहीणबाईस्नी मी साडी दिली. पेटीतलीच. रंग कसा म्हणाल तर चिंचेच्या कोळात हळद सांडल्यावानी. कुणी म्हणून नेसंल असली न्हवं, पर काठ जरीचा, वजनाला भारी, हातात घेतल्यावर मान राखल्यावानी वाटती. त्यांनी बी घेतली, डोळ्याला लावली, म्हणल्या, "कशाला हो एवढं!" झालं. ठावं सगळ्यास्नी असतंय, बोलायचं नसतंय.

आन् ह्या ऋतुजानं काय करावं? मला न इचारता त्या साडीच्या पदराला, आतल्या कोपऱ्याला, लाल दोऱ्याची बारीक गाठ मारून ठिवली! कशापायी? तर साडी कुटं कुटं जाती ते बघाय! अवो, साडीवर पाळत! चोरावर बी पोलीस अशी ठिवत न्हाईत!

मग आली वळसंगात घरभरणी. माझी धाकटी जाऊ केराबाई, तिनं नवं घर बांधलं, स्लॅबचं. नवीन सोयरे म्हणून दुधनीकरांस्नी बोलावलं. सिद्धेश्वरीबाई आल्या, सकाळी केराबाईची ओटी भरली, कागदात गुंडाळल्याली साडी दिली. सांजच्याला आमी निघालो, तर केराबाई मला थोरल्या जावंचा मान म्हणून हळद-कुंकू लावून साडी देती. कागद तेवढा बदलल्याला. घरी येऊन कागद काढते... चिंचेचा कोळ! सकाळी गेल्याली दुपारची जेवली बी नसंल, आन् सांजला माझ्या मांडीवर हजर! पर त्या केराबाईचं तोंड काय म्हणत हुतं? "घ्या की जाऊबाई, तुमच्यासाठीच खास हिंडून आणली!" खरंच की, हिंडूनच आल्याली ती.

मी वळखलं. कागद काढायच्या आदीच वजनावरनं वळखलं. बोलले का? एक शब्द न्हाई! साडी पेटीत, आन् तोंड बंद. आन् ही पोरगी पेटीत डोकं घालून, पदर उलटा करून, गाठ बघून घरभर नाचाय लागली, "डेटा मिळाला, आज्जी, डेटा मिळाला!" म्हणलं मिळाला असंल काय तरी, पोरगी खूश हाय न्हवं, नाचू दे. मला काय ठावं डेटा म्हंजे आमच्याच अब्रूला म्हणत्यात!

स्पर्धंच्या आदी म्हणती, "आज्जी, बघायला आलेल्यांच्या मतांना पण गुण आहेत, आपली माणसं आण." झालं! मी वळसंगाला फोन लावला, क्रूझर भरून भावकी आली, म्होरं केराबाई. आन् त्याच दिवशी दुधनीकर सोलापुरात येणार हुते बस्ता बांधाय, रेश्माच्या लग्नाची कापडं घ्याय. म्हणलं, विहीणबाई, आदी नातीची हुशारी बघा, मग मिळून बस्त्याला जाऊ. माझीच जीभ! जळू दे ती जीभ!

तो हॉल बघा, थंडगार. भाईर मरणाचं ऊन आन् आत स्वेटर लागंल असं. माझ्या एका अंगाला केराबाई, एका अंगाला सिद्धेश्वरीबाई, मदी मी. मागं रेश्मा आन् शिवराज, आन् विहीणबाईंचे मालक मल्लप्पा, ते बसल्या बसल्या झोपले. म्होरं तीन परीक्षक. एक कोटवाला, एक खादीच्या साडीतली मॅडम, आन् एक पुण्याचा, तो सगळ्यास्नी एकच इचारायचा, "पण हे स्केल कसं होणार?" चिपाडवाल्यास्नी तेच, चिंधीवाल्यास्नी तेच. माझा तर जीव नुसता वर-खाली. कधी उठंल, कधी संपंल, कधी बस्ता बांधंल...

आन् ऋतुजा आली. माईक धरला. "नमस्कार, आमचं प्रॉब्लेम स्टेटमेंट असं आहे..." तुमास्नी सांगते, आपल्या घरचं उणंदुणं माईकवर सांगायचं, त्याला प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणत्यात! "घरोघरी न वापरलेला आहेर पडून आहे. आम्ही तो एका ठिकाणी जमा करू, ज्याला लागेल तो नेईल, नवीन विणायची गरज कमी होईल." इथवर ठीक. टाळ्या बी पडल्या. मी केराबाईला कोपर मारलं, बघ म्हणलं. आन् मग पोरगी म्हणती, "याचा पुरावा म्हणून एक खरी साडी..." आन् पिशवीत हात घातला.

चिंचेचा कोळ!

असा दोन्ही हातांनी उंच धरला, लाल गाठीचा कोपरा म्होरं करून! "कुटुंब अ ने ही साडी साखरपुड्यात कुटुंब ब ला दिली. ब ने ती घरभरणीत कुटुंब क ला दिली. आणि क ने त्याच दिवशी ती परत अ ला दिली! घडी एकदाही मोडली नाही!" सगळा हॉल हसतोय! पोरं बाकं बडवाय लागली! मी वर बघीना, खाली बघीना. ह्या अंगाला केराबाईचा थंडीपायी पदर गुंडाळता गुंडाळता हात थांबला. त्या अंगाला सिद्धेश्वरीबाईंची मान वळली, आदी माझ्याकडं... मग माझ्या डोक्यावरनं पल्याड केराबाईकडं. आन् बाई एकच म्हणली,

"यव्वा!"

कानडी सुरू झाली हो!

तरी बी निभलं असतं. पोरीनं नाव घेतलं नव्हतं. अ आन् ब आन् क, कुणाच्या बापाला कळतंय? ठावं सगळ्यास्नी असतंय, बोलायचं नसतंय! पर तो पुण्याचा! तो म्हणतो कसा, "गोष्ट छान रचलीय. पण ही कुटुंबं खरी आहेत का? नावं सांगा."

ऋतुजानं आमच्याकडं बघितलं. मग रेश्माकडं. रेश्मानं ओढणी तोंडात कोंबल्याली. पोरगी म्हणली, "नावं सांगता येणार नाहीत, सर."

"मग हे काल्पनिकच धरावं लागेल."

काल्पनिक! म्हंजे माझी नात खोटं बोलती! चारचौघांत! वर्षभर रात्रंदिवस राबल्याली पोरगी, तिचे डोळे भरल्याले, आन् तरी बहिणीच्या सोयरिकीपायी तोंड मिटून हुबी... आता सांगा, मी काय करू? बोलू तर थोरलीचं लग्न मोडतंय, गप बसू तर धाकटी खोटी पडती! मला बसवंना, मला उठवंना, पाय नुसते खुर्चीखाली नाचाय लागले... आन् मी उठलेच!

"कुटुंब अ म्हंजे मीच! दगडाबाई, वळसंगची! माझी नात खोटं बोलत न्हाई!"

एवढंच बोलून बसायचं ठरवलं हुतं, देवाशपथ. अ मी हाय, ब आन् क चं नाव काढायचं न्हाई. पर केराबाईला धीर हाय का? तिला कुणी इचारलं हुतं का? उठली तरातरा, "मग माझं काय चुकलं? मला सकाळी दुधनीवाल्यांकडनं आली, मी सांजच्याला दिली! मला काय ठावं ती जाऊबाईंचीच हाय!"

झालं! क बी आला आन् ब बी आला!

मग काय, सिद्धेश्वरीबाई उठल्या. मल्लप्पा जागे झाले, बायकोचा पदर वढून म्हणत्यात, "सुम्न कुंद्र!" म्हंजे गप बस. बाई वरडली, "तुमीच सुम्न कुंद्रा!" आन् माझ्याकडं वळून, "विहीणबाई, पेटीतलं जुनं काढून मला दिलंसा?" मी म्हणलं, "आन् तुमी माझी साडी माझ्याच जावंला?" केराबाई म्हणती, "आन् मला कुणी कवा नवी दिली व्हय आजवर?" तिघी बी हुब्या, तिघी बी बोलतोय, कोण कुणाचं ऐकत न्हाई, माईकवाला पोरगा म्होरं माईक घिऊन पळतोय, कधी हिच्या तोंडाशी, कधी तिच्या... आन् तो पुण्याचा परीक्षक खुर्चीवरनं उठून टाळ्या पिटतोय! "व्हॅलिडेशन! याला म्हणतात व्हॅलिडेशन!" अरे मुडद्या, हितं माझ्या नातीचं लग्न मोडतंय आन् तुझं काय व्हॅलिडेशन!

विहीणबाई तरातरा भाईर गेल्या. मागं मी, माझ्या मागं शिवराज, "आई, तू आता काय सुदीक बोलू नगंस!" भाईर गाड्या लावायच्या जागंत लिंबाखाली त्या पाठ करून हुब्या. म्हणलं, विहीणबाई, चुकलं असंल तर म्हातारीला चार शिव्या द्या, पोरीवर राग काढू नगा.

त्या वळल्या. म्हणल्या, "बस्ता न्हाई."

शिवराज तिथंच फुटपाथवर बसला.

"नवरा-नवरीचं तेवढं घ्यायचं. मानपानाचा एक धागा सुदीक न्हाई. द्यायचं न्हाई, घ्यायचं न्हाई! उद्या मी कुणाला साडी दिली तर बाया आदी पदर उलटा करून गाठ हुडकतील, माझी छी-थू करतील! बंद! सगळाच आहेर बंद!"

आन् हे सगळं मराठीत! मराठीत बोलत हुत्या हो बाई! मला तर तिथंच त्यांचे पाय धरावे वाटले. सोयरीक वाचली!

ऋतुजाचा पयला नंबर आला. धंदा सुरू कराय कालिजात एक खोली देणार हायेत. वर तिचा सत्कार केला, शाल घातली. मी शालीला हात लावून बघितला, घडी कडक, लई दिसांची. कुटनं कुटनं फिरून आली असंल... पर आपण बोलायचं नसतंय.

आता सगळे माझं कवतिक करत्यात. दगडाबाईनं नातीची अब्रू राखली, दगडाबाईनं आहेर बंद केला, दगडाबाईनं पृथ्वी वाचवली! पत्रिकंवर छापलं बी, "कृपया आहेर आणू नये, पर्यावरण वाचवा." पर माझ्या पोटातलं कुणी इचारतंय का? अवो, लगीन करून वळसंगात आल्यापासनं मी देतीय! भावकीतलं एक लगीन सोडलं न्हाई, एक बारसं चुकवलं न्हाई, केराबाईच्या तिन्ही लेकींच्या ओट्या मी भरल्या, निम्म्या तालुक्यात माझा आहेर हाय! सगळा कशाच्या भरवशावर? तर आमच्या घरात लगीन निघंल तवा परत येईल म्हणून! शिवराजच्या लग्नानंतर एवढ्या वर्सांनी पयलं लगीन निघालं, माझं सगळं येणं दारापातूर आलं, आन् नेमकं तवाच माझ्या नातीला पृथ्वी वाचवायची आठवण झाली!

काल केराबाई पत्रिका वाचून गेली. एवढी खूश मी तिला तिच्या घरभरणीला बी बघितली नव्हती. म्हणती, "जाऊबाई, लई चांगलं काम केलंसा!"

केलं की बाई. पृथ्वी वाचली, मी बुडाले.